जुना नळ कोण बदलणार? शिसं, नेवासा आणि दोन हजार वर्षांचा एक हिशेब

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात मारलेल्या उड्या इथे थोड्या सरळ केल्यात, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकायला एकदम रटाळ वाटेल: पाण्याचे पाइप. त्यातही जुने पाइप. त्यातही ते बदलायला लागणारा पैसा. पण पाच मिनिटं थांबा. कारण हा प्रश्न नेवाशापासून रोमपर्यंत आणि पैठणपासून अमेरिकेतल्या नेवार्कपर्यंत जिथे जिथे गेलाय, तिथे भांडण एकाच गोष्टीवर झालंय. नवा नळ टाकायला राजा, इंग्रज सरकार, दानशूर शेठ किंवा मंत्री असं कोणीतरी पुढे येतं. नारळ फुटतो, कोनशिला बसते. तोच नळ चाळीस वर्षांनी सडला की तो बदलायचे पैसे कोणाचे? त्या वेळी कोनशिलेवर नाव असलेलं कोणीच सापडत नाही.

आणि नळ जर शिशाचा असेल, तर हा फक्त गळतीचा प्रश्न राहत नाही, लहान मुलांच्या मेंदूचा होतो.

सुरुवात घरापासून करू. नेवाशापासून.

नेवाशात शिसं म्हणजे पैसा

नेवासा म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा आठवतो तो पैसाचा खांब. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ती जागा. प्रवरेचा काठ. पण याच गावात १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी खणत होते. खणता खणता ते खूप खोल गेले, मुसलमानी काळाच्या खाली सातवाहन काळ, त्याखाली ताम्रपाषाण युग, आणि नदीच्या जुन्या गाळात अश्मयुगातली हत्यारं. त्यांच्या अहवालाचं नावच असं आहे की इतिहासाकडून प्रागितिहासाकडे, आणि मुक्काम नेवासा.

आपल्याला त्यातला सातवाहन थर हवाय. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. या थरात नेवाशाला रोमन जगातून आलेल्या दोन कानांच्या उंच रांजणांचे तुकडे मिळाले. अशा रांजणांतून दारू आणि तेल यायचं. म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठावरचा माल बोटीने भडोचला, तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढून आपल्या प्रवरेकाठी येत होता.

त्याच काळातला एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेला समुद्रप्रवासाचा मार्गदर्शक आज उपलब्ध आहे. ‘पेरिप्लस’ म्हणतात त्याला. त्यात भडोच बंदरात काय काय उतरतं याची यादी आहे: दारू, तांबं, कथील आणि शिसं. त्याच पुस्तकात पैठणचंही नाव आहे. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवरचं गाव, जिथून मौल्यवान दगड बंदराकडे जातात.

आता बघा, या शिशाचं आपल्याकडे काय व्हायचं? सातवाहन राजे शिशाची नाणी पाडत. सोन्याचांदीची नाणी आपण ऐकलेली असतात, पण बाजारात भाजी घ्यायला लागणारी चिल्लर ही शिशाची आणि मिश्रधातूची होती. आपल्याकडे शिसं म्हणजे पैसा.

आणि ज्या रोमच्या जगातून ते यायचं, तिथे शिसं म्हणजे नळ. लॅटिनमध्ये शिशाला ‘प्लम्बम’ म्हणतात. आपण ज्याला फोन करून बोलावतो तो ‘प्लंबर’ हा शब्द तिथूनच आलाय. शिशाचं काम करणारा तो प्लंबर.

रोमचा पाणी अधिकारी

शिसं नळासाठी इतकं आवडायचं कारण अगदी सोपं आहे. ते मऊ असतं, वाकवता येतं, कमी तापमानाला वितळतं आणि गंजून भोक पडत नाही. त्याचा धोका लोकांना तेव्हाच कळला नव्हता का? काहींना कळला होता. विट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराने इसवी सनापूर्वीच लिहून ठेवलं की पाणी मातीच्या नळांतून न्यावं, ते आरोग्याला बरं. पुरावा म्हणून त्याने शिशाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यांकडे बोट दाखवलं. वर हेही सांगितलं की मातीचा नळ फुटला तर तो कोणालाही दुरुस्त करता येतो. पण रोमने ऐकलं नाही, निदान पूर्णपणे नाही. शिशाचे नळ टाकले गेले.

त्यांचा खर्च कोणाचा, याचं उत्तर आपल्याला फार स्पष्ट मिळतं, कारण इ.स. ९७ मध्ये रोमच्या पाणीखात्याचा प्रमुख झालेल्या फ्रॉन्टायनसने त्याच्या खात्याची अख्खी माहिती लिहून ठेवलीय. आजच्या भाषेत त्याला पाणीपुरवठा विभागाचं हस्तांतर टिपण म्हणता येईल.

तो सांगतो की नळांची देखभाल करणाऱ्या माणसांच्या दोन टोळ्या आहेत. पहिली २४० जणांची. ही मुळात अग्रिप्पा नावाच्या सेनापतीची खासगी टोळी होती, त्याने मरताना ती सम्राट ऑगस्टसला दिली आणि ऑगस्टसने सार्वजनिक केली. दुसरी ४६० जणांची, ती सम्राट क्लॉडियसने नवे जलमार्ग शहरात आणले तेव्हा उभी केली. हे सगळे गुलाम होते, ते विसरायचं नाही.

पहिल्या टोळीचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून. त्या बदल्यात पाण्याच्या हक्कांतून तिजोरीत वर्षाला जवळपास अडीच लाख सेस्टर्स जमा व्हायचे. दुसऱ्या टोळीचा पगार सम्राटाच्या खात्यातून. आणि नळासाठी लागणारं सगळं शिसं, टाक्या आणि हौदांचा खर्चसुद्धा सम्राटाच्याच खात्यातून.

म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पाणीपट्टी होती, देखभालीचा कायमचा कर्मचारीवर्ग होता आणि शिशाचं बजेट कोणाचं हे लिहिलेलं होतं. गडबड कुठे झाली तेही फ्रॉन्टायनस सांगतो. सम्राट डोमिशियनच्या काळात पाण्याचं ते उत्पन्न थेट सम्राटाच्या खिशात जायला लागलं होतं. पुढे नर्व्हाने ते लोकांना परत दिलं. पाण्याच्या नावाने गोळा झालेला पैसा पाण्यावर खर्च होतो की नाही, हा प्रश्न तेव्हाही होता.

आणि अजून एक. रस्त्याच्या फरशीखालून चोरून घेतलेले नळ सगळ्या शहरात होते. ते उखडले तेव्हा शिशाचा ढीग निघाला, असं तो लिहितो. अनधिकृत नळजोडणी ही आपल्या वॉर्डाची खासियत आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे लक्षात ठेवा.

खापराचे नळ आणि दरबार गेला की काय होतं

आता परत आपल्याकडे येऊ. मधे दीड हजार वर्षं उलटू द्या. १४९४ च्या सुमारास अहमद निजामशहाने नगर वसवलं. शहराला पाणी आणायचं तर ते बाहेरून, कापूरवाडी, शेंडी अशा आसपासच्या गावांच्या बाजूने आणायचं होतं. त्यासाठी जमिनीखालून खापराचे नळ टाकले गेले. खापर म्हणजे भाजलेली माती. विट्रुव्हियसने जे सुचवलं तेच, अर्थात त्याचं पुस्तक न वाचता. आपल्या कुंभारांना ते येत होतं आणि माती इथलीच होती. पाणी चढउताराच्या हिशेबाने वाड्यांत, बागांत, हौदांत पोचायचं.

या परंपरेतलं सगळ्यात गाजलेलं काम म्हणजे मलिक अंबरने खडकी गावात आणलेलं पाणी. १६१० मध्ये त्याने खडकीला राजधानी केली, तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. जमिनीतल्या झऱ्यांचं पाणी भुयारी बांधकामातून आणि खापराच्या नळांतून शहरात आणणारी ती नहर-ए-अंबरी. पंप नाही, वीज नाही. पुढे पाणचक्कीसारख्या आणखी नहरी झाल्या.

हे सगळं राजांनी आणि सरदारांनी बांधलं, त्यांच्या महसुलातून. म्हणजे शेवटी शेतकऱ्याच्याच घामातून, पण हुकूम दरबाराचा. आणि याच रचनेत तिचा कमकुवत दुवा होता. नहरीत गाळ साचतो, झाडांची मुळं शिरतात, नळ फुटतात. दर काही वर्षांनी कोणीतरी उतरून साफ करावं लागतं, तुकडे बदलावे लागतात. दरबार आहे तोवर माणसं नेमलेली असतात. १६३६ मध्ये निजामशाही संपली. ज्या महालासाठी आणि बागेसाठी नळ होता तोच उजाड झाला की नळाकडे कोण बघणार? नगरच्या फराहबागेच्या महालाभोवतीचं तळं आज कोरडं दिसतं, त्यात आश्चर्य काहीच नाही.

इथे एक गोष्ट पक्की करून पुढे जाऊ. बांधायला एकदा पैसा लागतो, टिकवायला कायम लागतो. एकदाच येणारा पैसा मोठा आणि ठळक दिसतो. कायम लागणारा पैसा छोटा असतो, आणि तोच आधी तुटतो.

दानाचं पाणी, कर्जाचं पाणी

इंग्रज आले आणि पैशाचे दोन नवे रस्ते निघाले. एक दान, दुसरा कर्ज.

दानाचं उदाहरण पुण्यात. ‘बंड गार्डन’ हे नाव आपण रोज घेतो. यातला बंड म्हणजे मुळा-मुठेवर घातलेला बांध. १८५० मध्ये तो पूर्ण झाला, पाणी उपसून लष्कर भागाला आणि शहराला द्यावं म्हणून. त्यासाठी मुंबईचे सर जमशेटजी जीजीभॉय यांनी सुमारे पावणेदोन लाख रुपये दिले. त्या काळात ही प्रचंड रक्कम होती. पण दान एकदाच येतं. शहर वाढलं, पाणी पुरेना, आणि पुढच्या पिढीत सरकारला खडकवासल्याचं धरण बांधावं लागलं. ते १८७९ मध्ये झालं. बांधाच्या नावाची बाग राहिली.

कर्जाचं उदाहरण मुंबईत. १८५४ ला पाऊस ओढला तेव्हा मुंबईत बोटींनी पाणी आणायची पाळी आली, गुरं शहराबाहेर माहीमकडे न्यायला लावली. त्यानंतर विहारचा तलाव झाला, १८६० मध्ये. लोखंडी नळांतून पाणी शहरात आलं. आधी खर्च सरकारने केला आणि नंतर तो मुंबईच्या नगरपालिकेच्या नावावर कर्ज म्हणून चढवला. झालं, भांडण सुरू. करदात्यांचं म्हणणं, योजना तुम्ही ठरवली, वाढीव खर्च तुम्ही केला, व्याज आम्ही का भरायचं? सरकारचं म्हणणं, पाणी तुम्ही पिताय. ही रस्सीखेच वर्षानुवर्षं चालली.

याच काळात एक विभागणी रुजली, जिची आज आपल्याला इतकी सवय झालीय की ती दिसतच नाही. रस्त्यातला मोठा नळ सरकारचा किंवा पालिकेचा. त्यातून तुमच्या उंबऱ्यापर्यंत येणारा बारका तुकडा तुमचा. तो तुम्ही तुमच्या पैशाने टाकायचा, प्लंबरही तुमचा. हा तुकडा दहा-वीस फुटांचाच असतो, पण पुढची सगळी गोष्ट याच तुकड्यावर येऊन थांबणार आहे.

टोक्याचं पाणी, पैठणचा पंप, शहराचा नळ

नगरहून संभाजीनगरला जाताना नेवासा फाटा ओलांडला की कायगाव टोक्याचा पूल लागतो. खाली गोदावरी, आणि तिथेच प्रवरासंगम. आपली प्रवरा तिथे गोदावरीला मिळते. जून सोडला तर पाणी दूरवर पसरलेलं दिसतं. ही नुसती नदी नाही, नाथसागराचा फुगवटा आहे. जायकवाडी धरणाची भिंत खाली पैठणला आणि त्याचं पाणी मागे सरकत नेवासा तालुक्यात शिरलेलं.

१९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. पैठण, गंगापूर, शेवगाव, नेवासा या तालुक्यांतली शंभराहून जास्त गावं उठली. म्हणजे या पाण्याचा पहिला हप्ता काठावरच्या काळ्या जमिनींनी भरलाय. तो कुठल्याही अंदाजपत्रकात पाणीपट्टी म्हणून दिसत नाही, पण पैसे कोणी दिले याचा हिशेब मांडताना तो धरायलाच हवा. नेवाशात अजूनही अनेक घरांत मूळ गावाचं नाव सांगताना ‘पाण्याखाली गेलं’ असं म्हणतात.

याच नाथसागरातून संभाजीनगर शहराला पाणी जातं. तिथे १९७० च्या दशकात ७०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी टाकली, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला १४०० मिलिमीटरची. शहर वरच्या अंगाला, त्यामुळे पाणी पंपाने ढकलावं लागतं. तोपर्यंत ठीक होतं. मग शहर कैक पटींनी वाढलं आणि वाहिन्या म्हाताऱ्या झाल्या. आज इथे फुटली, उद्या तिथे गळली. वाहिनी फुटली की अख्ख्या शहराचं पाण्याचं वेळापत्रक पुढे सरकतं. आठवड्यातून एकदा पाणी येणारे वॉर्ड, टँकर, छतावरच्या टाक्यांची रांग, हे चित्र तिथे नातेवाईक असलेल्या प्रत्येकाने पाहिलंय.

आता नवी वाहिनी टाकायचा पैसा कसा उभा करायचा यासाठी त्या शहराने काय काय केलं बघा.

पहिला रस्ता खासगी भागीदारीचा. ‘समांतर जलवाहिनी’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. २०११ मध्ये करार झाला. सरकारी अनुदान, कंपनीची गुंतवणूक, आणि कंपनीने वीस वर्षं पाणीपुरवठा चालवायचा. पैसा परत यावा म्हणून पाणीपट्टी दरवर्षी वाढवत न्यायची. २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा कंपनीच्या हातात गेला. मोठी वाहिनी पुढे सरकली नाही, बिलं मात्र वाढली, लोक चिडले, आणि २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द करायचा ठराव केला. पुढे कोर्टकचेरी.

दुसरा रस्ता सरकारी. २०२० च्या डिसेंबरमध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं. अडीच मीटर व्यासाची, ३९ किलोमीटरची वाहिनी. एक माणूस आत ताठ उभा राहू शकेल एवढी. काम रखडत गेलं, खर्च वाढत गेला, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला देखरेख करावी लागली. योजना केंद्राच्या अमृत २.० मध्ये गेली आणि आकडा २,७४० कोटींवर पोचला. त्यात महापालिकेचा वाटा ३० टक्के, म्हणजे ८२२ कोटी. तेवढे पैसे तिच्याकडे नाहीत. मग २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या वाट्यासाठी हुडकोच्या कर्जाला मंजुरी दिली. विहारच्या वेळचीच गोष्ट, फक्त आकडे बदलले.

आणि मधे २०२२ मध्ये, पाणीच येत नाही तर ४,०५० रुपये कशाचे, या रागापुढे पाणीपट्टी निम्मी करावी लागली. लोकांचा राग शंभर टक्के बरोबर होता. पण परिणाम बघा: पाणी नीट नाही म्हणून पट्टी कमी, पट्टी कमी म्हणून दुरुस्तीला पैसा नाही, दुरुस्ती नाही म्हणून पाणी नीट नाही. हे चाक एकदा फिरायला लागलं की त्याला बाहेरून कोणीतरी पैसा घालूनच थांबवावं लागतं. आणि तो पैसा वेळेवर आला नाही तर वाट बघण्याचीही किंमत असते. १,६८० आणि २,७४० मधला फरक काढा, हजार कोटींच्या वर जातो. त्यात वाढलेलं काम असेल, वाढलेले भाव असतील. पण वाट बघणं फुकट नसतं एवढं नक्की.

अर्धा नळ बदलला तर

इथवर प्रश्न होता पाणी येतं की नाही. आता पाणी येतंय, स्वच्छ दिसतंय, आणि त्यातच शिसं आहे, अशी परिस्थिती घ्या.

अमेरिकेत रस्त्यातले मोठे नळ बहुतेक लोखंडाचे, पण तिथून घरापर्यंतचा तो बारका तुकडा, मगाशी म्हटला तो, कैक लाख घरांत शिशाचा होता. वाकवायला सोपा म्हणून. सरकारी अंदाजाने २०२३ मध्येही असे नव्वद लाखांच्या वर नळ जमिनीत होते. शिशाला वास नाही, रंग नाही, चव नाही. लहान मुलांसाठी शिशाचं सुरक्षित प्रमाण असं काही नाहीच, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेंदूची वाढ, शिकणं, लक्ष लागणं, सगळ्यावर परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही.

२०१४ मध्ये फ्लिंट नावाच्या शहराने पैसे वाचवायला पाण्याचा स्रोत बदलला. नव्या पाण्यावर नळ सडू नये म्हणून करायची प्रक्रिया केली नाही, आणि शिसं नळातून सुटून घराघरांत पोचलं. त्याआधी २००० च्या दशकात वॉशिंग्टनमध्येही असंच झालं होतं. तिथे पालिकेने नळ बदलायला घेतले, पण रस्त्यापासून घराच्या हद्दीपर्यंतचेच. पुढचा तुकडा मालकाचा, त्याला हवा तर त्याने बदलावा. हजारो ठिकाणी अर्धाच नळ बदलला गेला. आणि कळलं असं की अर्धा नळ कापताना उरलेला अर्धा हलतो, आतला थर सुटतो, आणि काही काळ पाण्यात शिसं उलट वाढतं! करोडोंचा खर्च करून धोका तिथेच. कारण पैशाची हद्द जिथे संपली तिथे काम थांबलं.

नेवार्कने हे वेगळं केलं. न्यू जर्सीतलं हे शहर, बरेचसे लोक भाडेकरू आणि कमी कमाईचे. सुरुवातीला तिथेही बेत असा होता की काम आठ वर्षांत आणि मालकाने काही वाटा द्यायचा. २०१९ मध्ये जिल्हा पातळीवरून १२ कोटी डॉलरचे रोखे काढले गेले. मालकाला एक पैसा द्यायचा नाही असं ठरलं. आणि सर्वांत महत्त्वाचं, घरमालकाच्या परवानगीसाठी थांबायचं नाही असा स्थानिक कायदा केला, कारण मालक दुसऱ्या गावी राहतो, भाडेकरूची मुलं इथे पाणी पितात. तीन वर्षांच्या आत २३ हजारांच्या आसपास नळ बदलून झाले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने देशभरातल्या शिशाच्या नळांसाठी १५ अब्ज डॉलर बाजूला काढले, आणि २०२४ मध्ये दहा वर्षांत सगळे नळ बदलायचा नियम आणला.

मला यातलं नेवार्क सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लोखंड, तांबं, मजूर सगळीकडे सारखेच होते. फरक पडला तो ‘शेवटचे वीस फूट कोणाचे’ या प्रश्नाचं उत्तर बदलल्याने.

आपल्याकडचं शिसं कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे शिशाचे नळ? आपल्याकडे तर पांढरा किंवा करडा पीव्हीसी पाइप. बरोबर. पण प्लास्टिकचा तो पाइप बनवताना उष्णतेने खराब होऊ नये म्हणून त्यात एक पदार्थ मिसळावा लागतो, आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं त्यासाठी शिशाची संयुगं वापरली गेली. स्वस्त म्हणून. नव्या पाइपमधून सुरुवातीच्या काळात त्यातलं थोडं शिसं पाण्यात उतरू शकतं. राष्ट्रीय हरित लवादात हे प्रकरण गेलं, आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने पीव्हीसी पाइपमध्ये शिसं वापरण्यावर बंदी घालणारे नियम काढले. पिण्याच्या पाण्यात शिशाची आपली मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, त्यात सूट नाही.

नियम चांगला आहे. पण तो कारखान्यातून यापुढे निघणाऱ्या पाइपला लागतो. भिंतीत आधीच चिणलेला, शेतातून घरापर्यंत टाकलेला, गल्लीत गाडलेला जुना पाइप बदलायला त्यात एक रुपयाची तरतूद नाही. नवं काम नियमात आलं, जुनं काम ज्याचं त्याच्याकडे.

घाबरून जायचं कारण नाही. सकाळी पहिलं पाणी प्यायच्या आधी थोडं वाहू द्या, ते सांडायचं असेल तर भांड्याला किंवा झाडाला वापरा. पाणी उकळून शिसं जात नाही, हे लक्षात ठेवा. आणि नवा पाइप घेताना शिसेमुक्त आहे का हे दुकानात विचारा, पाइपवरचा छाप वाचा.

पण खरा मुद्दा दुकानात नाही, ग्रामपंचायतीत आणि नगरपंचायतीत आहे. २०१९ पासून जलजीवन मिशनमध्ये गावोगाव नवे नळ टाकले गेले. आपल्या राज्यात त्याचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा. गावातल्या कामाला गावाने दहा टक्के लोकवाटा द्यायचा, डोंगरी आणि आदिवासी भागात पाच. आणि एकदा योजना झाली की चालवायची कोणी? ग्रामपंचायतीने आणि पाणी समितीने. म्हणजे बांधायचा पैसा दिल्ली-मुंबईचा, टिकवायचा पैसा गावाचा. नगरच्या खापराच्या नळांच्या वेळची जी अडचण, तीच. वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखीव असतो, बाकी भिस्त पाणीपट्टीवर.

नेवासा गाव आता नगरपंचायत आहे. तुम्ही तिथे राहत असाल, किंवा तालुक्यातल्या कुठल्याही गावात, तर एक काम करा. यंदाचं अंदाजपत्रक मागा. ते तुमच्या हक्काचं आहे, नाही दिलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. त्यात पाणीपट्टीची जमा किती आणि नळांच्या देखभालीचा खर्च किती हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. मग विचारा की गल्लीतला नळ कधीचा आहे, कशाचा आहे, तो बदलायची पाळी कधी येणार, आणि त्या दिवशी रस्त्यापासून घरापर्यंतचा तुकडा कोणाच्या खर्चाने बदलणार. शेवटचं उत्तर लेखी घ्या. ग्रामसभेत विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

कारण या दोन हजार वर्षांत जिथे कुठे नळ वेळेवर बदलले गेले, तिथे पैसा कोणाचा हे आधी लिहिलेलं होतं. फ्रॉन्टायनसच्या वहीत लिहिलेलं होतं, नेवार्कच्या कायद्यात लिहिलेलं होतं. जिथे नव्हतं, तिथे भांडण कोर्टात गेलं आणि पाणी टँकरने आलं.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या गावातल्या जुन्या नळाची, हौदाची, खापराच्या पाइपची गोष्ट घरातल्या मोठ्यांना विचारा आणि व्हॉइस नोट करून पाठवा. आजीला आठवत असेल पहिला नळ कधी आला ते, आणि त्याचे पैसे कोणी भरले तेही. पुढच्या भागात भेटू. तोवर गळणारी तोटी बंद करा!